बंद पाकीट



डिसेंबर आला की आपल्या तहसील कचेरीत ध्वजदिन निधी गोळा होतो. ७ डिसेंबर हा १९४९ पासून सैनिकांसाठीचा दिवस, आणि काम चांगलंच आहे. पण कचेरीत साहेबांनीच डबा पुढे केला, तर हाताखालचा माणूस नाही म्हणू शकेल का? अमेरिकेच्या केंद्र सरकारी कचेऱ्यांत हा प्रश्न फार वर्षं घोळत होता. त्यांनी त्याचं काय केलं, ते आज सांगते.

१९५० च्या आधी तिथे वर्षभर वर्गणीवाले येत. एक संस्था जाते न जाते तोच दुसरी दारात. कचेरीला आकडा ठरवून दिलेला, कचेरीने तो माणशी वाटलेला, आणि वसुलीला वरिष्ठच. गंमत म्हणजे एवढं करून जमायचं थोडंच! लोक खिशातली चिल्लर टाकून सुटका करून घेत.

१९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सगळीकडे एकसारखे नियम लावायला सुरुवात केली. १९६१ मध्ये केनेडींच्या आदेशात आलं की देणं खरोखर स्वेच्छेचं हवं, आणि किती दिलं ते सांगायचं की गुप्त ठेवायचं, हे देणाऱ्याने ठरवावं. १९६४ मध्ये काही शहरांत सगळ्या संस्थांची मिळून एकच मोहीम करून पाहिली. पैसे पगारातून थोडे थोडे कापायचे. देणग्या चांगल्याच वाढल्या. आपल्याला यात नवल नाही. एकदम बाराशे निघत नाहीत, महिन्याला शंभर निघतात. १९७१ पासून हीच पद्धत देशभर झाली. नाताळच्या आगेमागे ही मोहीम अजूनही चालते.

कोणत्या संस्थांना यादीत घ्यायचं यावर मात्र भांडणं झाली. १९८५ मध्ये एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि निकाल चार विरुद्ध तीन असा सरकारच्या बाजूने लागला.

मला महत्त्वाचे वाटतात ते तिथले साधे नियम. साहेबाने आपल्या हाताखालच्यांकडे मागायचं नाही. माणशी आकडा ठरवायचा नाही. गुप्त द्यायचं तर पाकीट बंद करून द्यावं. आणि न देणाऱ्यांची यादी करायची नाही.

हा शेवटचा नियम वाचून मी थांबले. दोन वर्षांपूर्वी पूरग्रस्तांसाठी आपल्या गटाने पैसे जमवले, तेव्हा बैठकीत मीच नावं आणि आकडे मोठ्याने वाचले होते. एका ताईंच्या नावापुढे काही नव्हतं, तेही वाचलं. त्या पुढच्या दोन बैठकींना आल्या नाहीत. घरात तेव्हा दवाखान्याचा खर्च चालू होता, हे मला नंतर कळलं.

बचतीचा आणि कर्जाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचायचाच, तो हक्काचा पैसा आहे. मदतीचं तसं नाही. या खेपेला मी प्रत्येकीला एक कोरं पाकीट दिलं. सगळ्यांनी पेटीत टाकलं, त्या ताईंनीही. वहीत फक्त एकूण रक्कम लिहिली.