फिरंगेचे कुळ आणि मोल

लंडनच्या सदबीज् लिलावगृहात 29 एप्रिल 2025 रोजी विक्रीला आलेली एक तलवार महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत विकत घेतली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून तिला 47 लाख 15 हजार रुपये पडले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची ही तलवार, असे शासनाने जाहीर केले आणि वर्तमानपत्रांनी बंगालपासून कर्नाटकापर्यंतच्या त्यांच्या मोहिमांची उजळणी केली. पण तलवार रघुजींची हे ठरले कशावरून, आणि त्या ठरण्याचा किमतीशी संबंध काय, हे कोणी फारसे विचारले नाही. माझ्या मते हिचे मोल पात्यात नाही आणि मुठीतही नाही. ते पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलेल्या एका ओळीत आहे. मात्र त्या ओळीचे वजन कळायचे तर आधी या जातीच्या तलवारीचे, म्हणजे फिरंगेचे, कुळ पाहावे लागते.

फिरंग ही मुळातच दोन घरची. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारात युरोपी पाती येऊ लागली. जर्मनीतले झोलिंगेन, स्पेनमधले तोलेदो, इटलीतले जिनोआ ही पात्यांची मोठी ठिकाणे. पाती सुटी यायची आणि मूठ इथे चढायची. मराठ्यांना हे लांब, सरळ, बहुधा एकधारी पाते भावले, कारण घोड्यावरून भोसकायला ते सोयीचे पडे. त्यावर मूठ बसवली ती आपल्या खांड्याची: बोटे झाकणारी रुंद परज, आत गादी, आणि मुठीच्या डोक्यातून मागे काढलेली लोखंडी दांडी, म्हणजे जोराचा घाव घालताना दुसरा हातही लावता यावा. रघुजींच्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे. मुल्हेर म्हणजे बागलाणातला किल्ला. पाते युरोपातले, घाट नाशिकच्या डोंगरातला आणि नाव नागपूरकरांचे, असा हा प्रवास आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. पातेच परके असेल तर तलवार मराठी कशी? हा आक्षेप धरला तर मराठ्यांच्या शस्त्रागारातला मोठा हिस्सा आपला म्हणता येणार नाही. 1875-76 मध्ये वेल्सचा युवराज हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्याला मिळालेली आणि आज ब्रिटिश राजसंग्रहात असलेली तलवारही युरोपी पात्याचीच आहे. पात्यासाठी चांगले पोलाद जिथे मिळेल तिथून आणायचे आणि हत्यार आपल्या हाताला बसेल असे घडवायचे, ही त्या काळाची सरळ व्यवहारी रीत होती. शिवाय मूठ-पात्याचे लग्न कायमचे नसे. साध्या तलवारीच्या मुठीत पात्याची शेपटी तापवलेल्या लाखेने बसवतात. मूठ तापवली की पाते सुटते. फिरंगेला मुठीच्या दोन पट्ट्यांत रिवेट मारलेले असतात, पण रिवेटही निघतात. त्यामुळे जुने पाते नव्या मुठीत आणि जुनी मूठ नव्या पात्यावर, हे सर्रास आढळते. म्हणून निव्वळ घडणीवरून फार तर काळ आणि प्रदेश सांगता येतो, मालक सांगता येत नाही. पात्यावरचा कारखान्याचा शिक्काही फारसा उपयोगाचा नाही. जिनोआच्या पात्यांवरची चंद्रकोरीसारखी दातेरी खूण इथल्या लोहारांनी इतकी उचलली की ती दिसली म्हणजे पाते इटलीचे, असे म्हणायची सोय राहिली नाही.

म्हणूनच ती ओळ महत्त्वाची. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरीत आहे: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. अठराव्या शतकातल्या मराठा हत्यारांवर नक्षी कमी आणि नाव त्याहून कमी, आणि इथे दोन्ही आहे. काम कोफ्तगारीचे. कोफ्तगारीत आधी पोलादावर बारीक आडव्यातिडव्या रेघा ओरखडतात, मग त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने उंच जागेवरचे सोने आधी उडते आणि खालच्या रेघांची जाळी उघडी पडते. विजेच्या मुलाम्याच्या सोन्याखाली अशी जाळी नसते. जाणकार भिंगातून आधी बघतो ते हेच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: किंमत चढवायला नाव मागाहून घातले असेल तर? शंका रास्त आहे, असे प्रकार होतात. पण ओळीतला शेवटचा शब्द पाहा. खोटे नाव घालणारा पदवी घालेल, एखादा विजय घालेल, साल घालेल. हत्याराचा प्रकार कशाला लिहील? मालक आणि मग वस्तूची जात, ही शिलेखान्यातल्या नोंदीची धाटणी आहे. मला ही ओळ खरी वाटते ती त्या रूक्षपणामुळे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. रघोजी कोणते? सेनासाहेबसुभा हे पद छत्रपती शाहूंनी पहिल्या रघुजींना दिले. ते 1755 मध्ये वारले. पण त्यांचे पुत्र जानोजी यांच्या पश्चात 1772 नंतर हेच पद त्यांच्या दत्तकाकडे गेले आणि तो दत्तकही रघुजीच, 1816 पर्यंत हयात. ओळीत पहिला-दुसरा असे काही नाही. मुठीचा घाट आणि एकूण घडण पहिल्या रघुजींच्या काळाशी जुळते, म्हणून पारडे तिकडे झुकते, पण ते झुकणेच आहे. नागपूरकर भोसल्यांची तलवार हे सिद्ध, पहिल्या रघुजींची हे बहुधा; संग्रहालयाच्या पाटीवर हा फरक दिसायला हवा. ती इंग्लंडात कशी गेली, याबाबतही तसेच. 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने केलेली लूट हा शासनाचा अंदाज आहे. तो पटण्यासारखा आहे. पण 1854 मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केल्यावर भोसल्यांचा जडजवाहीर आणि सामान लिलावात निघाले, हा दुसरा रस्ताही उघडा होता.

आता दर. 47 लाख जास्त वाटतात, तर शेजारी टिपू सुलतानाची तलवार ठेवावी. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याच्या शयनकक्षातून मिळालेली आणि जनरल बेअर्डला भेट दिलेली ही तलवार 2023 मध्ये लंडनच्याच बॉनहॅम्समध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांना गेली. हा फरक पोलादाचा किंवा पराक्रमाचा नाही. कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची साखळी टिपूच्या तलवारीपाशी सलग होती. उलट टोकाला वाघनखे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची ती वाघनखे 2025 मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, मांडली होती. शिवाजी महाराजांशी त्यांचे नाते जोडते ती त्यांच्या पेटीवरची नोंद: साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्याच्या प्रधानाने ती दिली. वस्तूवर स्वतःचे असे काही नाही, आणि महाराजांनी वापरली ती हीच याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. पुरावा पेटीवर असणे आणि पात्यावर असणे यांत फार अंतर आहे. पेटी बदलता येते. त्या हिशेबाने रघोजींची फिरंग स्वस्तात पडली, असे माझे मत आहे.

नागपूर-विदर्भात अनेक जुन्या वाड्यांत अशा तलवारी आजही देव्हाऱ्याशेजारी आहेत, आणि त्यांचा मोठा शत्रू आपली भक्तीच आहे. खंडेनवमीला चिंच, विटेची भुकटी, हल्ली पॉलिश पेपर लावून पाती लख्ख करतात. कोफ्तगारीचे सोने आणि त्याबरोबर नावही घासण्याच्या पाण्यात जाते. तेव्हा यंदा घासण्याआधी पाते उजेडात तिरपे धरा, पाठ आणि मुठीजवळचा भाग दोन्ही बाजूंनी बघा, दिसेल त्या अक्षराचा आणि खुणेचा फोटो घ्या. मूठ सैल असली तरी नवी लाख भरू नका, जुनी लाखही पुरावाच आहे. तलवार घरात कशी आली, हे आजी-आजोबांकडून विचारून लिहून ठेवा आणि एकदा अजब बंगल्यात दाखवून आणा. कोणी बाहेर विकून देतो म्हणाला तर ऐकू नका: शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवणे 1972 च्या पुरावशेष कायद्याने गुन्हा आहे.