विश्वासाची वाटणी : महजरापासून ब्लॉकचेनपर्यंत

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कागदाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावे बुडाली आणि माणसे सांगली-सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली. धरणाला अर्धे शतक उलटून गेल्यावरही, २०१८ साली, धरणग्रस्तांना पुनर्वसनाच्या हक्कांसाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. अमुक माणूस अमुक गावचा, त्याची इतकी जमीन गेली, हे कोठेतरी नोंदलेले असावे लागते. ती नोंद कोणाच्या हाती आहे, तीत बदल कोण करू शकतो आणि ती कोणी पाहावी, या तीन प्रश्नांवर माणसाचा हक्क अवलंबून असतो. संगणकशास्त्रातील एक मोठी शाखा गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे याच प्रश्नांमागे लागली आहे. प्रश्न मात्र त्याहून बरेच जुने आहेत.

नांगराची निशाणी

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावचे जाणते असे सारे जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा कागद तयार होई. हाच महजर. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, अशी प्रत्येकाची खूण त्याच्या कामावरून ठरलेली असे. एका कारकुनाला वश करून घेणे सोपे. सबंध सभेला वश करणे अवघड. विश्वास एका माणसावर न टाकता अनेकांत वाटून दिला, की फसवणुकीचा खर्च वाढतो.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. सभेत सर्वांच्या शब्दाला सारखे वजन नव्हते. शिवाय सारा व्यवहार उघड्यावर चाले. खाजगी असे काही राहत नसे.

ठशांची साखळी

१९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतील दोन संशोधकांनी प्रश्न मांडला : संगणकावरील कागद अमुक दिवशी असाच होता, हे सिद्ध कसे करायचे? संगणकातील मजकुरावर ना शाई, ना खाडाखोड. त्यांनी ‘हॅश’ या गणिती क्रियेचा उपयोग केला. कोणताही मजकूर या क्रियेतून काढला, की ठरावीक लांबीचा एक आकडा मिळतो. आपण त्याला मजकुराचा ठसा म्हणू. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो, आणि तोच ठसा देणारा दुसरा मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते.

आता प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा मिसळला, तर नोंदींची साखळी तयार होते. मधली एक कडी बदलायची, तर पुढची प्रत्येक कडी बदलावी लागते. १९९५ पासून अशा साखळीचा ठसा न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापला जाऊ लागला. घरोघरी गेलेले अंक परत गोळा करून बदलणार कोण? वृत्तपत्राचे वाचक नकळत महजराचे साक्षीदार झाले.

२००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात या दोघांच्या कामाचा आधार दिलेला आहे. येथे वृत्तपत्राची जागा जगभरच्या हजारो संगणकांनी घेतली : प्रत्येकाकडे साखळीची प्रत, आणि नवी कडी जोडण्याचे सर्वांना मान्य असे नियम. यालाच आपण आज ब्लॉकचेन म्हणतो.

गुपिताचे तुकडे

साखळीमुळे नोंद बदलता येत नाही. ती झाकली मात्र जात नाही. झाकण्याची युक्ती १९७९ साली अदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढली. शमीर यांची रीत नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येते.

समजा, गुपित आहे ७ हा आकडा. य = ३क्ष + ७ ही रेषा घेऊ. क्ष = १, २, ३ घातल्यास य = १०, १३, १६ मिळतात. हे तीन बिंदू तीन विद्यार्थ्यांना एकेक करून वाटा. कोणतेही दोघे एकत्र आले, की दोन बिंदूंतून जाणारी एकच रेषा मिळते आणि क्ष = ० ला ७ हे गुपित उघड होते. एकटा विद्यार्थी मात्र हतबल असतो, कारण एका बिंदूतून असंख्य रेषा जातात. (प्रत्यक्षात हे गणित अविभाज्य संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर करतात, मग एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही.) तिघे जमल्याशिवाय गुपित उघडू नये असे वाटल्यास रेषेऐवजी अन्वस्त घ्यावा.

पुढे अँड्र्यू याओ यांनी १९८२ साली आणखी एक पाऊल टाकले. दोन श्रीमंत माणसांना आपापली संपत्ती न सांगता अधिक श्रीमंत कोण हे ठरवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. येते, असे उत्तर निघाले. त्यातून माहिती न उघडता तिच्यावर गणित करण्याचे शास्त्र उभे राहिले. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने तेथील कंपन्यांनी आपले पगारपत्रक कोणालाही न दाखवता स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत काढली, ती याच मार्गाने. मुंबईच्या आयआयटीतही या विषयावर संशोधन चालते.

साखळी काय करू शकत नाही

२०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याची योजना हाती घेण्यात आली. बनावट दाखल्यांना आळा घालणे हा हेतू. तो योग्यच आहे. पण येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, साखळी नोंद जपते. नोंद खरी आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. धरणग्रस्ताचे नाव यादीतून मुळातच सुटले असेल, तर ती चूकही तितक्याच भक्कमपणे जपली जाईल.

दुसरी, साखळीत गेलेले पुसता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात आपली माहिती खोडून मागण्याची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून जाणकार दाखला साखळीत न घालता केवळ त्याचा ठसा घालावा असे सांगतात. आणि तोही जपून : इयत्ता आणि गुण एवढ्याच मोजक्या मजकुराचा ठसा असेल, तर सर्व शक्यता तपासून मूळ मजकूर ओळखता येतो. त्यासाठी ठसा काढण्यापूर्वी मजकुरात एक यदृच्छ, गुप्त आकडा मिसळतात.

आपल्या शाळांतून विद्यार्थ्यांची जात, जन्मतारीख, आधार क्रमांक अशी माहिती रोज संगणकात भरली जाते. ती भरणाऱ्या शिक्षकाने आणि ज्यांची ती आहे त्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी विचारायला शिकावे : ही नोंद कोणी तपासली, ती कोण बदलू शकतो, आणि ती कोणाला दिसते? यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांना गणिताने चांगली उत्तरे दिली आहेत. पहिल्या प्रश्नासाठी अजूनही गावच्या माणसांना जमून एकमेकांची साक्ष द्यावी लागते.