दिवेलागणीची प्रार्थना

जामखेड तालुक्यातल्या आमच्या खर्ड्याचं नाव इतिहासात आलं ते १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळं. लढाईची तारीख नोंदली जाते, तहाची कलमं छापली जातात. पण दिवेलागणीला घरात कोण काय म्हणत होतं, याची नोंद दप्तरात सापडत नाही. आज आपल्याच जिल्ह्यातल्या अशा एका घरगुती इतिहासाविषयी बोलायचं आहे. नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत प्रार्थना रोजच्या सवयीची कशी झाली, त्याविषयी.

अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. त्यांच्या मुलखात एक रिवाज होता. कर्त्या माणसानं घरच्या सगळ्यांना रोज जवळ बसवायचं, बायबलचा अध्याय वाचायचा, गीत म्हणायचं आणि प्रार्थना करायची. तोच रिवाज त्यांनी इथं आणला. पण इथले नवे ख्रिस्ती बहुतांशी महार-मांग समाजातले, गावकामानं आणि मजुरीनं दमलेले. शाळेचं दार त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद. मग अध्याय वाचणार कोण? गीतांच्या चालीही परक्या. मराठी शब्द त्यांत अवघडून बसत.

वाट निघाली ती आपल्याच मातीतून. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढं नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत. अभंगाला पुस्तक लागत नाही. दोनदा ऐकला की तोंडात बसतो. भाकरी थापतानाही म्हणता येतो. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा मग घरची उपासना चालवू शकली. हा बदल मला फार मोठा वाटतो.

पण टिळकांच्या स्वतःच्या घरात काय घडलं? पती ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या होत्या. काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. पुढं त्या नगरला आल्या, तरी त्यांची चूल आणि पाणी वेगळंच राहिलं. टिळकांनी बळजबरी केली नाही. एका प्रवासात लक्ष्मीबाईंच्याच मनानं घेतलं, की जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा. त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी हसत-रडत सांगितलं आहे. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईवर त्या घरात प्रार्थनेची सक्ती झाली नाही, तिनंच घरधन्याचं अपुरं राहिलेलं काम पुढं नेलं.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहितो. या गोष्टीचं मला अप्रूप वाटत नाही. ती ओळखीची वाटते. आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहिला. आमच्या घरी नमाज अरबीत, पण हात पसरून मागायची दुआ आई मराठीतच मागायची: पाऊस पडू दे, लेकराचा ताप उतरू दे. पाठ केलेल्या शब्दांनी शिस्त येते. दुखलं-खुपलं मात्र घरच्या बोलीतच सांगावंसं वाटतं. नगरच्या ख्रिस्ती घरांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं.

हल्ली सगळ्याच धर्मांच्या घरांतून एक तक्रार ऐकू येते, की मुलं प्रार्थनेला बसत नाहीत. दटावून बसवलेलं मूल हात जोडेल. मोठं झाल्यावर ते सोडूनही देईल. त्याला आपल्या भाषेत मागता येऊ द्या, आपल्या चालीत म्हणता येऊ द्या. आणि ज्या घरी आजी अजून जुनी भजनं म्हणते, त्यांनी तिचा आवाज टिपून ठेवावा. शब्द छापील पुस्तकात सापडतील, आजी कुठं थांबायची ते सापडणार नाही.