कुत्रा चावला तर भरपाई किती दिवसांत मिळते?

पालकसभा संपली की कोणी ना कोणी आई थांबते आणि विचारते, "सर, पोराला कुत्रा चावला, तर भरपाई कधी मिळते?" सरळ जवाब असा, की कायद्यात त्याची एकच ठरलेली मुदत नाही. कुत्रा पाळलेला असेल आणि मालक चूक कबूल करत असेल, तर मामला काही आठवड्यांत मिटू शकतो. कोर्टात गेले तर महिन्यांचा नव्हे, वर्षांचा हिशेब धरावा. मात्र तुमचा मामला यांतल्या कुठल्या वाटेने जाणार, हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातल्या कागदांवर ठरते.

पहिला महिना दवाखान्याचा

आधी जान, मग दावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. आपल्या घरांत कुत्र्याचा स्पर्श झाला की पाकीचा विचार आधी येतो आणि लोक पाणी ओतून मोकळे होतात. जखमेला तेवढे पुरत नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी लागते. हळद, मिरची, चुना काहीही लावू नये. मग लगेच सरकारी दवाखाना. लस दंडात घेतली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीत घेतली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलेली किंवा खोल जखम असेल तर जखमेत सीरमही टोचतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

म्हणजे इलाजालाच महिना जातो. या महिन्यातला प्रत्येक केसपेपर, औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, बुडालेल्या रोजंदारीची नोंद एका पिशवीत ठेवावी. जखमेचे फोटो तारखेसह काढावेत. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून समोरच्या दुकानदाराला त्याच दिवशी विनंती करावी. एकही डोस चुकवू नये. तब्येतीचा धोका आहेच, शिवाय पुढे समोरची बाजू म्हणते की तुम्हीच हयगय केली.

कुत्रा पाळलेला असेल तर

मालकाने निष्काळजीपणा केला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली तक्रार देता येते. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फौजदारी खटल्याने शिक्षा होते, इलाजाचा पूर्ण खर्च आपोआप हाती येत नाही. त्यासाठी मालकाला वकिलाची नोटीस आणि न जमल्यास दिवाणी दावा. काही पाळीव प्राण्यांच्या विम्यात दुसऱ्याला झालेल्या इजेचाही समावेश असतो, तेही मालकाला विचारून पाहावे.

इथे घाई महागात पडते. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या गालाला शेजाऱ्यांच्या कुत्र्याने चावा घेतला. तिसऱ्याच दिवशी शेजारी औषधांचे पैसे घेऊन आले आणि "यापुढे कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर वडिलांची सही घेतली. शेजारधर्म म्हणून त्यांनी सही केली. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, व्रण जाणार नाही, शस्त्रक्रिया लागेल. तो खर्च मागायला वडील गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी तोच कागद पुढे केला. मुलगी अजून ओढणी गालावर ओढून बसते. जखम पुरती भरून तिचे पुढे काय होणार हे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत शेवटचा समझोता करू नये. तातडीच्या खर्चाला पैसे घ्यायचे असतील तर पावतीवर "आजपर्यंतच्या इलाजापोटी" असे स्पष्ट लिहावे. भरपाई मागणे लालच आहे असे काहींना वाटते. फिकहमध्येही नुकसान भरून देण्याला 'जमान' म्हणून जागा आहे. मनात शंका असेल तर आलिमसाहेबांशी बोलावे.

भटका कुत्रा असेल तर

खरी मुदत इथे आहे आणि हीच लोकांना माहीत नसते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. पण महापालिकेवर हयगयीचा दावा करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, एक महिना थांबावे लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मुंबईच्या वेगळ्या कायद्यात कलम 527 तसेच आहे. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत असेल तर तिथली मुदत वकिलाकडून लगेच माहीत करून घ्यावी. साहेब बघतो म्हणाले, म्हणून वाट पाहत बसलेल्या माणसाचे सहा महिने असेच निघून जातात.

नोटिशीच्या सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाकावा: आमच्या वॉर्डातून कुत्र्यांच्या किती तक्रारी आल्या, त्यांवर काय केले, नसबंदी किती झाली. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आधी तक्रारी होऊनही काही केले नाही, हे सिद्ध झाले की दाव्यात जोर येतो.

पेपरात वाचून पुष्कळ लोक विचारतात, "दातामागे दहा हजार मिळतात ना?" तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2023 चा निकाल. दाताच्या एका खुणेला किमान दहा हजार, मांस निघाले असेल तर दर 0.2 सेंटिमीटर जखमेला किमान वीस हजार रुपये. कागदांसह अर्ज आला की जिल्ह्याच्या समितीने चार महिन्यांत निर्णय द्यायचा. हा आदेश पंजाब, हरियाणा आणि चंदीगडसाठी आहे. आपल्याकडे त्याचा दाखला देता येतो, हक्काने त्या दराने पैसे मागता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट आहे, पण घटनेबद्दलच वाद असेल तर दिवाणी दावा करा असे सांगितले जाऊ शकते.

कोर्टात वेळ कुठे जातो

समन्स पोहोचल्यावर लेखी जवाबाला तीस दिवस, वाढवून नव्वदपर्यंत. त्यानंतर मुद्दे, साक्षी, उलटतपास, युक्तिवाद. सगळ्यात जास्त तारखा डॉक्टरांच्या साक्षीत जातात, म्हणून दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक आधीच लिहून ठेवावा. निकालावर अपील झाले तर वेळ आणखी वाढतो. दोघे राजी असतील तर लोक अदालत बरी: तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

वकिलाच्या फीमुळे पुष्कळ घरे मागे सरतात. महिला, मुले आणि दिव्यांग यांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातच करता येतो. आधार, केसपेपर, फोटो आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत, सगळ्यांचे दोन-दोन झेरॉक्स सोबत न्यावेत. मूळ कागद कोणालाही देऊन येऊ नयेत.