जुन्नर-आंबेगाव परिसरातील ढोल-लेझीम पथके : सेवेकडून स्पर्धेकडे

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ग्रामदैवताची पालखी ढोल-लेझमीशिवाय निघत नाही, अशी धारणा दीर्घकाळ रूढ आहे. वडजचा खंडोबा, नारायणगावची मुक्ताबाई यांसारख्या दैवतांच्या यात्रा आणि शिवनेरीवरील शिवजयंती या प्रसंगी गावोगावचे तरुण वाद्यांसह एकत्र येतात. या पथकांच्या स्वरूपात स्पर्धेमुळे कोणते बदल घडले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

पूर्वपीठिका :
लेझीम हे मूलतः नृत्याचे नव्हे, तर व्यायामाचे साधन होय. फारसीतून आलेला हा शब्द दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेल्या सरावाच्या धनुष्याचा निर्देश करतो. आखाड्यातील जड लेझीम पुढे हलकी झाली व ढोलाच्या ठेक्याशी जोडली गेली. गावातील पथकाला वेळेचे बंधन नव्हते. संथ ठेक्याने सुरू झालेला खेळ पालखीच्या वाटेवर हळूहळू चढत जाई. थोरल्यांच्या मागे उभे राहूनच मुले डाव शिकत. वादन ही देवाची सेवा मानली जात असल्याने मोबदल्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

मेळे आणि शारीरिक शिक्षण :
तरुणांच्या संघटित, चढाओढीच्या मिरवणूक-संगीताचे शहरी उदाहरण म्हणजे पुण्यातील गणेशोत्सवाचे मेळे. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रारंभानंतर, इ.स. १८९४ च्या सुमारास, मोहरममधील टोळ्यांच्या धर्तीवर हे मेळे उभे राहिले. एकसारखा पोशाख, हाती काठ्या व समूहगायन ही त्यांची वैशिष्ट्ये होती. राजकीय आशयामुळे इ.स. १९१० च्या सुमारास ब्रिटिश शासनाने त्यांच्यावर कठोर निर्बंध घातले.

त्यानंतरच्या काळात देशी व्यायामाला शैक्षणिक प्रतिष्ठा लाभली. पुण्यात इ.स. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. कांदिवली येथे इ.स. १९३८ मध्ये शासकीय शारीरिक शिक्षण संस्था सुरू झाली. शालेय कवायतीत लेझमीचा समावेश झाल्याने डाव अंकांच्या मोजणीवर बसविले गेले आणि रांग, शिट्टी व गणवेश यांना महत्त्व आले. गावाच्या वाटेवरची लेझीम अशा रीतीने शाळेच्या मैदानावर आली. स्पर्धेची पायाभरणी येथेच झाली, असे म्हणता येईल.

स्पर्धेचे परिणाम :
पालखीपुढील पथक देवाकडे तोंड करून खेळे. स्पर्धेतील पथक परीक्षकांकडे तोंड करते. तालबद्धता, रांगांची शिस्त, डावांतील विविधता, पोशाख व वेळ हे गुणदानाचे निकष ठरल्याने संथ आरंभाचा भाग आखडला आणि मनोरे व वेगवान डाव यांना प्राधान्य मिळाले. चामड्याच्या पानांची जागा अनेक ठिकाणी फायबरच्या पानांनी घेतली. पावसातही वादन शक्य झाले, मात्र नादाचा पोत बदलला.

तथापि स्पर्धेने केवळ हानी केली, असे मानणे एकांगी ठरेल. शालेय स्पर्धांमुळेच मुलींना या कलेत अधिकृत स्थान मिळाले. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या शिक्षणसंस्थांच्या पथकांनी विद्यार्थिनींना मिरवणुकीत आणल्याने या बदलास बळ मिळाले.

वर्तमान स्थिती :
शहरी ढोल-ताशा पथकांचा विस्तार हा आज स्वतंत्र प्रश्न बनला आहे. इ.स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीच्या वादनावर मर्यादा आणली. इ.स. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांसाठी घातलेल्या तीस सदस्यांच्या मर्यादेस सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर रोजी स्थगिती दिली. ग्रामीण भागातील अडचण मात्र उलट आहे. तेथे गर्दी नियंत्रित करण्याचा नव्हे, तर शिकविणारा व शिकणारा एकत्र आणण्याचा प्रश्न आहे. मुंबई, पुणे व चाकण येथे नोकरीस गेलेला तरुण यात्रेपुरता परततो. तो मिरवणुकीत सहभागी होतो. परंतु सरावाचे दिवस त्याच्या हातून निसटतात.

समारोप :
स्पर्धेने ढोल-लेझमीला शिस्त, नवे प्रेक्षक व मुलींचा सहभाग दिला; त्याचबरोबर गावातील पिढीजात शिक्षणाची जागा हंगामी तयारीने घेतली. बक्षीस मिळविणारे पथक काही आठवड्यांत उभे करता येते. वाटभर ठेका पेलणारे पथक मात्र वर्षानुवर्षांच्या सहवासातून घडते. म्हणून शाळांनी गावातील जुन्या वादकांना मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करणे आणि स्पर्धांच्या निकषांत संथ आरंभाच्या पारंपरिक खेळास स्थान देणे आवश्यक ठरते. तसे झाल्यास मैदान व पालखीची वाट यांतील तुटलेला दुवा पुन्हा सांधला जाऊ शकेल.