महाकालाच्या पायऱ्या आणि सोबतीचा रकाना

उज्जैनचे महाकालाचे देऊळ १२३४-३५ च्या सुमारास इल्तुत्मिशाने पाडले. पुढे पाचशे वर्षांनी ते नव्याने उभे केले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. म्हणजे आपल्याच सारस्वतांपैकी एका शेणव्याने! गोव्यात ही गोष्ट अजून फारशी कुणाला ठाऊक नाही.

देऊळ उभे राहिले, पण तिथे पोचायचे कुणी? ऐपत असलेल्यांना पालखी-मेणा होता, धडधाकटांना पाय होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, पांगळ्यांनी, पाठीशी कुणी नसलेल्या विधवांनी घरच्या देवापुढेच हात जोडायचे. १८७६ मध्ये फतेहाबादहून आगगाडी उज्जैनला आली आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. पण तिकीट काढणे, गाडी बदलणे, सामान उचलणे, उतरायची जागा शोधणे हे सारे एकट्या म्हातारीला कसे जमावे? रेल्वेने अंतर कमी केले, सोबत काही दिली नाही.

ही सोबत सरकारी कागदावर आली ती २०१२ मध्ये. मध्य प्रदेश सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना सुरू केली आणि ३ सप्टेंबरला पहिली गाडी रामेश्वरला निघाली. यादीत शिर्डी होती, तशीच अजमेर आणि वेलांकणीही. अर्ज तहसिलीत द्यायचा, अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या काढायच्या, गाडी, जेवण, मुक्काम एकत्र ठरवायचे. पासष्टी ओलांडलेल्या एकट्या यात्रेकरूला मदतनीस बरोबर नेण्याची सोयही त्यात होती. आमच्यासारख्या कारकुनांना तो अर्जावरचा एक रकाना. पण तोच नसता तर बाकीचा अर्ज भरून काय उपयोग? आपल्याकडे २०२२ मध्ये देवदर्शन यात्रेच्या गाड्या सुटल्या, तेव्हाही मला आधी तो रकानाच आठवला.

तरीही शेवटचे अंतर उरतेच. महाकालाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाले, परिसर प्रशस्त झाला. पण हजार मैल गाडीने आणलेल्या माणसाला त्या पायऱ्यांपाशी हात कोण देणार, हे आधीच ठरलेले असायला हवे. २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. तिथे किती लाख आले याचा हिशेब होईलच. घरी कोण राहिले, याचाही कुणीतरी ठेवावा.