सक्तीचा दाखला आणि परतीचा रस्ता : मनोरुग्णविषयक भारतीय कायद्यांचा प्रवास (१८५८ ते २०१७)

‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ हे मराठी बोलीतील शब्दप्रयोग तेथील मनोरुग्णालयांमुळे रूढ झाले. त्यांतील क्रियापदे नेण्या-पाठविण्याची आहेत. परत आणण्याचे क्रियापद त्यांत नाही. भारतातील मनोरुग्णविषयक कायद्यांचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर हीच उणीव कायद्याच्या भाषेतही आढळते. रुग्णाला आत कोणी, कोणत्या दाखल्यावर न्यावयाचे, याचा तपशील कायद्याने आरंभापासून बारकाईने ठरविला. बाहेर येण्याचा विचार मात्र त्याने फार उशिरा केला.

१८५८ मध्ये या विषयावर एकापाठोपाठ तीन कायदे झाले. त्यांपैकी ३६ वा कायदा वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी होता. बेवारस वा धोकादायक स्थितीत फिरणाऱ्या व्यक्तीस पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रानंतर दंडाधिकाऱ्याने तिला इस्पितळात ठेवण्याचा हुकूम द्यावा, अशी त्याची पद्धत होती. म्हणजेच वेडाची पहिली नोंद आजार म्हणून नव्हे, तर सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून झाली.

१९१२ च्या कायद्याने ही चौकट अधिक काटेकोर केली. नातेवाईकाचा अर्ज, त्यासोबत दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे, अर्जदाराने मागील चौदा दिवसांत रुग्णास स्वतः पाहिलेले असणे आणि अखेरीस दंडाधिकाऱ्याचा आदेश, असा प्रवेशाचा क्रम होता. अकारण कोणास डांबले जाऊ नये, हा त्यामागील हेतू नाकारता येत नाही. स्वेच्छेने दाखल होण्याची आणि शासननियुक्त अभ्यागतांनी तपासणी करण्याची सोयही त्यात होती. तथापि कायद्याच्या व्याख्येत वेडा आणि जडबुद्धी एकाच शब्दात बसविले गेले. रुग्णाचे स्वतःचे म्हणणे कोणी ऐकावे, याला त्या रचनेत फारसे स्थान नव्हते. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने मनोरुग्णालयांच्या दुरवस्थेकडे आणि खाटांच्या कमतरतेकडे लक्ष वेधले. स्वातंत्र्यानंतर लवकरच नव्या कायद्याचा मसुदा पुढे आला. परंतु वसाहतकालीन कायदा आणखी चार दशके टिकला.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अंमलात आला तो १ एप्रिल १९९३ रोजी. ‘वेडा’ हा शब्द जाऊन ‘उपचाराची गरज असलेली व्यक्ती’ ही कल्पना आली. विशेष परिस्थितीत नातेवाईक वा मित्राच्या अर्जावरून, दंडाधिकाऱ्याकडे न जाता, नव्वद दिवसांपर्यंत दाखल करून घेता येऊ लागले. दाराची किल्ली अशा रीतीने न्यायाधिकाऱ्याकडून वैद्याकडे सरकली. बाह्यरुग्णांसाठी सोयी असाव्यात, असे कलमही आले. त्याच वर्षी शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. असा निर्णय १९९३ मध्ये द्यावा लागला, यावरून कायद्याचे शब्द आणि व्यवहार यांतील अंतर लक्षात येते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे हे अंतर अत्यंत भीषण रूपात समोर आले. दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले रुग्ण जळून मेले. मृतांचा आकडा अखेरीस २८ वर गेला. त्यांना तेथे कुटुंबीयांनीच आणून ठेवले होते. कुटुंब हेच रुग्णाचे स्वाभाविक संरक्षक, हे कायद्याचे गृहीतक पुरेसे नाही, हे या घटनेने दाखविले. त्याच वेळी, जवळपास उपचाराची सोय नसलेल्या कुटुंबांची अगतिकताही तिने उघड केली.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्याशी सुसंगत असा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. सक्तीचा दाखला त्यातही आहे, परंतु तो तीस दिवसांपुरता, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर आणि स्वतःस वा इतरांस इजेचा धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची गंभीर अक्षमता असेल तरच. असा दाखला पुनर्विलोकन मंडळास कळवावा लागतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे व्यक्तीस आधीच लिहून ठेवता येते. साखळदंडास स्पष्ट मनाई आहे. रुग्णालयाबाहेर सक्तीने उपचार घ्यावयास लावणारा आदेश मात्र भारतीय कायद्याने स्वीकारलेला नाही. त्याऐवजी बाह्यरुग्ण सेवा, घरपोच उपचार आणि अर्धवाट निवासगृहे हे त्याने रुग्णाचे हक्क मानले. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कोणास रुग्णालयात राहावे लागू नये, हेही तेथे लिहिले आहे.

परतीचा रस्ता प्रथमच असा कायद्यात आला. परंतु १८५८ च्या हुकुमाला एक दंडाधिकारी आणि एक वैद्य पुरत असत. २०१७ च्या हक्काला निवासगृहे, जिल्ह्याजिल्ह्यांतील उपचारकेंद्रे आणि दार उघडणारे घर लागते. पहिला कायदा कागदावरून सहज अंमलात येऊ शकला. दुसऱ्याची कसोटी कागदाबाहेर आहे.